रुळाचा मोकळा तुकडा

नामा, तुझ्या दहाव्याला कावळा इतक्या झटक्यात शिवला की मला तोंड उघडायलाही सवड मिळाली नाही. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

सगळं ठरवून आले होते मी. पिंड मांडला की कावळा झाडावर बसून राहील. लोक हात जोडून एकेक कबूल करत जातील. तुझ्या बायकोला, शेवंतीला सांभाळू म्हणतील, घरावर नवे पत्रे घालू म्हणतील, आणि कावळा काही हलणार नाही. मग मी पुढे होणार होते. सांगणार होते, माझ्या भावाचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक आहे. तो मागे उभा आहे ना, निळं हेल्मेट काखेत धरून, त्याला पुढे बोलवा आणि खरं बोलायला लावा. कावळ्यावर माझा तेवढा विश्वास नाही. पण लोकांचा आहे, म्हणून म्हटलं, कामाला येईल.

आणि भटजी नीट मागे सरकलेही नव्हते, तोच कावळा आला, पिंडाला चोच मारली, वर एक भजं उचललं आणि गेला. लोक म्हणाले, "नामाचं कायपण अडकलेलं नव्हतं. सुखी जीव." निळ्या हेल्मेटवाल्याने सुटल्यासारखा श्वास टाकला. मी बघितलं. जन्मभर तू माझ्या आड आलास, आणि मेल्यावर दहाव्या दिवशीही आलास.

त्या माणसाला मी निळटोप्या म्हणते. तू साहेब म्हणायचास. तिशीतल्या पोराला साहेब! त्याचं खरं नाव मला येतं, पण इथे लिहिणार नाही. आपलं नाव कागदावर उतरलेलं बघायची त्याची लायकी नाही.

पूर्ण नोकरी तू खर्डीच्या पट्ट्यात चावीवाला म्हणून काढलीस. सकाळी हातोडा आणि पाना घेऊन निघायचं, रुळाला स्लीपरशी आवळून धरणारी एकेक चावी बघत जायचं, ढिली असेल ती ठोकायची. निवृत्त झालास तरी पाय रुळाकडेच. होळी झाली आणि कंत्राटदाराची माणसं नवीन मशीन घेऊन आली, निळटोप्या त्यांचा साहेब. त्यांना पट्टा माहीत असलेला एक माणूस हवा होता. तू उडी मारून गेलास. मला म्हणालास, "घरी बसून शेवंतीचं ऐकण्यापेक्षा रुळाचं ऐकलेलं बरं." शेवंती चुलीपाशीच होती. तिने पळी वाजवली.

पाडव्याला मी माझ्या गावाहून, वैशाखऱ्याहून आले तेव्हा तू ओटीवर बसवून मला सगळं समजावलंस. आठवतंय?

"बाय, पूर्वी रुळाला जोड असायचे. मधे फट. उन्हात रूळ वाढला तर फटीत सरकायचा. आता लांबच्या लांब सलग जोडलाय. वाढायचं म्हटलं तर जाणार कुठं? मग आतल्या आत दबतो. फार दबला तर एक दिवस बाजूला उसळी मारतो. थंडीत उलटं. आखडायला बघतो, आखडता येत नाय, मग ताणून तुटतो."

"मग मशीन काय करतं?"

"रूळ घासायचा, पाणी मारून साफ करायचा, जेल लावायचं आणि दोन बटणं रुळावर दाबून धरायची. एकातून आवाज सोडतात, दुसरं पकडतं. आपल्या कानाला नाय येत तो आवाज. अल्ट्रासोनिक बोलतात. दबलेल्या रुळातून तो केसभर लवकर पोचतो, ताणलेल्यातून केसभर उशिरा. त्यावरून कळतं आत किती जोर हाय."

शेवंती आतून म्हणाली, "म्हंजे सोनोग्राफीच की. मग काय हाय, मुलगा का मुलगी?"

"ते सांगायला बंदी हाय," तू म्हणालास.

तिघंही हसलो. हसता हसता मी विचारलं, "केसभर लवकर म्हंजे कशापेक्षा लवकर?"

तू मांडीवर थाप मारलीस. "बाय, तुझी चौथी फुकट नाय गेली. सगळं काम ह्याच सवालावर हाय!" मग तू मोकळ्या तुकड्याचं सांगितलंस. जो रूळ मापायचा, त्याच जातीचा, त्याच कारखान्यातून त्याच वेळी निघालेला हातभर तुकडा घ्यायचा. तो कुणाला जोडलेला नाही, त्याला दाब नाही की ताण नाही. आधी त्याच्यातून आवाज सोडायचा, किती वेळ लागला ते बघायचं, आणि मग जोडलेल्या रुळाचा वेळ त्याच्याशी लावून पाहायचा. तुकडा दुसऱ्या जातीचा निघाला तर सगळं माप खोटं. आणि जात कशी ओळखायची? रुळाच्या कुशीला उठावाची अक्षरं असतात, कारखान्याची, महिन्याची, वर्षाची. ती जुळली पाहिजेत.

"आणि बाय, तुकडा नेऊन रुळाशेजारी ठेवायचा नि थांबायचं. दोघांचं अंग सारखं तापू द्यायचं. एक बिडी होते तोवर."

"तुझ्या बिडीला तेवढं निमित्त," मी म्हटलं.

पहिले दोन दिवस तू तो तुकडा खांद्यावर नेलास. हातभर म्हणायला हातभर, पण वजन अर्ध्या पोत्याचं. त्यांची ट्रॉली होती, पण तिच्यावर छत्री, खुर्ची, पाण्याचे जार आणि डबे. तुकड्याला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी निळटोप्याला वळणावरचं माप घ्यायचं होतं. वळण लांब. तो म्हणाला, "काका, रोज रोज ते धूड कोण नेणार? आणि वर थांबायचं? टाइम नाही माझ्याकडे. तिथे पडलाय ना एक तुकडा, त्याच्यावर लावू." वळणाशी पडलेला तो तुकडा जुन्या लाइनचा होता. तू बोटाने अक्षरं चाचपलीस आणि सांगितलंस, "सायेब, ह्याची अक्षरं वायली हायेत."

"लोखंड ते लोखंड, काका. तुम्ही पाणी मारा."

हे तूच मला नंतर हसत हसत सांगितलंस. हसण्यासारखं काय होतं त्यात? तू पाणी मारलंस, आणि पुढे रोज तोच तुकडा चालला. दुपारी त्याला घरी आणून शेवंतीच्या हातची तांदळाची भाकर आणि सुकटाची चटणी खायला घातलीस. दुसऱ्यांदा चटणी मागितली त्याने. मी तिथे असते तर चटणीची वाटी उचलून आत ठेवली असती.

मशीनने सांगितलं, वळणावरचा रूळ निवांत आहे. तू म्हणत होतास, निवांत नाही. खडी सरकलीय, चाव्या हलल्यात, रूळ दबलाय. चैत्र सरता सरता एका भर दुपारी त्या वळणावर रूळ वीतभर बाजूला सरकला. आताच्या चावीवाल्याने बघितलं, लाल झेंडी घेऊन पळाला, गाडी अलीकडेच थांबली. कुणाला खरचटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लोक गोष्ट वाढवून सांगतात. माणूस मेला नाही. पण मेला असता.

मग चौकशी आली. मशीन खोटं का बोललं? निळटोप्याने लिहून दिलं की मोकळा तुकडा स्थानिक मदतनीस नामदेव याने चुकीचा आणून दिला. खाली तुझी सही. मी विचारलं, सही का केलीस? तर म्हणालास, "सायेब बोलला, फॉर्मालिटी हाय." वाचलंस का? "चष्मा घरी होता."

नामा, जोडलेल्या रुळाची चावी ढिली आहे की नाही हे तू चालता चालता ओळखायचास. आणि समोरचा माणूस ढिला आहे हे नाही ओळखलंस.

स्टेशनच्या चहावाल्याकडे लोक तुला बोलायला लागले. "नाम्या, तुकडा देताना बघायचं तरी!" कुणी म्हणालं, "एवढी वर्षं रुळावर, आणि रूळ वळखता येत नाय?" त्यातले निम्मे तुझे रेल्वेच्या गँगमधले होते. तू चहाला जायचा बंद झालास. शेवंतीने मला फोन केला, "बाय, हे घरीच बसतात. रेडिओपण लावत नाय." म्हणून मी आले. वैशाखऱ्याहून सरळगाव, सरळगावहून किन्हवली, मग शहापूर, मग खर्डी. चार गाड्या बदलून या वयात मी तुझ्याशी भांडायला आले.

आणि भांडले. तू ओटीवर कोयत्याला धार लावत होतास.

"उद्या शहापूरला चल. अर्ज लिहून घेऊ. नाव खोडायला लाव."

"जाऊ दे गो बाय."

"का जाऊ दे?"

"त्याची पोरगी तीन महिन्यांची हाय. नोकरी जाईल त्याची."

"आणि तुझं नाव गेलं ते?"

"माझं काय, मी निवृत्त मानूस. माझं नाव कोण वाचतंय?"

"चहावाल्याकडं सगळी वाचतायत!"

तू कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, "तुला लहानपणापासून कुणाला सोडता येत नाय, बाय." तेव्हा मी ते बोलले. शब्दाला शब्द मला आठवतं आणि मी ते मऊ करून लिहिणार नाही. मी म्हटलं, "त्या कागदावरचं नाव खोडून आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नको. भाऊबीजेलापण येऊ नको. तुझ्यापेक्षा तो खोटा बरा, निदान स्वतःसाठी उभा तरी राहतो."

तू हसलास. "मग ओवाळणी कुणाकडनं घेशील?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. तू रिक्षापर्यंत सोडायला आलास. मी मागे बघितलं नाही.

नऊ दिवसांनी तू शेतावर राब भाजायला गेलास, भातरोपांच्या वाफ्यावरचा पालापाचोळा जाळलास, आग विझवलीस, आईनाच्या झाडाखाली बसलास आणि उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी असं म्हणणार नाही की त्या कागदाने तुला मारलं. तू बिड्या ओढायचास. बीपीची गोळी एक दिवस घ्यायचास आणि दोन दिवस विसरायचास. पण मरताना तुझ्या नावावर दुसऱ्याचा खोटेपणा होता, आणि माझं बोलणं होतं. यातलं एक मला काढता येण्यासारखं होतं.

चौथ्या दिवशी शेवंतीने तुझी खाकी पिशवी माझ्यापुढे ठेवली. "बाय, ह्यात हातोडा हाय नि एक वही हाय. मला कायपण कळत नाय त्यातलं." मी वही उघडली. शंभर पानी, दोनरेघी, वर वाघाचं चित्र. पानापानावर शिसपेन्सिलीने घासून उठवलेली अक्षरं. इंग्रजी. ना तुला वाचता येत होती, ना मला येतात. पण घासलेलं बघितलं आणि मी ओळखलं. ही माझी युक्ती होती.

आपल्या पाड्याच्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता. मी चौथीत, तू बिगारीत. घंटेच्या कुशीला ती उठावाची अक्षरं होती आणि तुला ती घरी न्यायची होती. रडून रडून जीव खाल्लास. मग मी साखरेच्या पुडीचा कागद त्याच्यावर धरला आणि कोळशाने घासलं. अक्षरं कागदावर आली. तू तो कागद उशाखाली घेऊन झोपायचास. पुढच्या वर्षी माझी शाळा सुटली. कुठलीच गोष्ट पुरी शिकले नाही मी, पण जेवढं येत होतं तेवढं तुला दिलं, आणि तू ते साठ वर्षं सांभाळलंस. ती अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून तू रुळाचीच सही घेऊन ठेवलीस.

प्रत्येक पानावर दोन ठसे. वर जोडलेल्या रुळाचा, खाली त्या दिवशी वापरलेल्या मोकळ्या तुकड्याचा. पहिल्या दोन पानांवर दोन्ही ठसे एकसारखे. तिसऱ्या पानापासून खालचा ठसा वेगळा. आंधळ्यालाही कळेल इतका वेगळा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी निळ्या शाईची झोकदार सही आणि तारीख.

"ही कुणाची सही?" मी विचारलं.

शेवंती म्हणाली, "सायबाची. रोज संध्याकाळी हे वही पुढं करायचे, 'सायेब, हजेरी.' गँगमधली सवय. तो फोनवर बोलत बोलत सही ठोकायचा. वर काय हाय ते त्याने कधी बघितलं नाय."

तू न वाचता सही केलीस म्हणून मी तुला शिव्या दिल्या होत्या. त्यानेही न बघता केल्या होत्या. मी त्या दिवशी, सुतकात, मोठ्याने हसले. बायका बघत राहिल्या.

मग मला राग आला, आणि तो तुझा. वही तुझ्याकडे होती! मी ओटीवर घसा फोडत होते तेव्हा ती आत खुंटीला टांगलेली होती. एक शब्द बोलला नाहीस. कुणाच्या तरी तीन महिन्यांच्या पोरीसाठी तू तुझ्या थोरल्या बहिणीला उपाशी पाठवलंस. हो, त्या दिवशी मी जेवलेही नव्हते.

तर असं सगळं हातात धरून मी दहाव्याला उभी होते, आणि कावळ्याने घात केला. लोक पांगायला लागल्यावर निळटोप्या माझ्या पाया पडायला आला.

"आजी, काका फार चांगले होते. माझ्या जेवणाची काळजी करायचे."

"मग त्याचं नाव का लिहिलंस?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. "आजी, तो रिपोर्टचा विषय आहे. टेक्निकल आहे. तुम्हाला नाही कळणार."

मी म्हटलं, "बरं बाबा." वहीचं बोलले नाही. साप मारायला निघालेल्याने काठी आधी दाखवू नये.

तेराव्यानंतर मी शेवंतीला घेऊन शहापूरला गेले. कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा असतो, त्याच्यापुढे बसले. तो म्हणाला, "आजी, विनंती काय लिहू? मदत मिळावी असं?" मी म्हटलं, "मदत नको. नाव खोडा असं लिही. आणि खोडताना मी समोर असेन असं लिही." तो म्हणाला, असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, तू लिही तर.

तो अर्ज आणि वहीची झेरॉक्स घेऊन मी रेल्वेच्या साहेबांकडे गेले. पहिल्या दिवशी बाहेर बसवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी बांधून नेली आणि दारातच सोडून बसले. सुकटाचा वास आत गेला असावा. एक इंजिनियर बाई बाहेर आल्या, केस बारीक कापलेले, पायात बूट. मी झेरॉक्स दिली. त्यांनी विचारलं, "मूळ वही आहे?" ती मी परकरात बांधून आणली होती. त्या उभ्या उभ्या पानं उलटत होत्या, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. ठशांवरून बोट फिरवत होत्या, अगदी तू फिरवायचास तसं.

"हे कोणी केलं?"

"माझ्या भावाने."

"शिकलेले होते?"

"चावीवाला होता," मी म्हटलं.

त्यांनी तिसरं पान परत उघडलं. मग म्हणाल्या, "आजी, हा तुकडाच चुकीचा होता असं असेल, तर वळणच काय, तिसऱ्या दिवसापासूनची सगळी मापं चुकीची. सगळं परत मोजावं लागेल." मी म्हटलं, "मोजा. त्याच्यासमोर मोजा. आणि माझ्यासमोर."

पुढच्या आठवड्यात गाड्या थांबवून मोजणीला वेळ काढला होता. ऊन असं की खडीवर पाय ठेववत नव्हता. मला आणि शेवंतीला बाजूला भरावाखाली करंजाच्या सावलीत बसवलं. निळटोप्या आला होता, पण आता हेल्मेट डोक्यावर नीट बसवून. तुझा तो पहिला, खरा तुकडा गोदामापाशी होता, तिथून वळणापर्यंत न्यायचा होता. दोन मजूर पुढे झाले. मी उठले आणि म्हटलं, "त्यांना नको. ह्याला उचलू द्या."

इंजिनियर बाई म्हणाल्या, "आजी, ट्रॉली आहे."

"माझ्या भावाच्या वेळी ट्रॉलीवर ह्याची खुर्ची होती. त्याने खांद्यावरून नेला."

बाईंनी मजुरांकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं, आणि मग दुसरीकडे बघितलं. निळटोप्याने तुकडा उचलला. पन्नास पावलांवर पहिल्यांदा खाली ठेवला. मग शंभरावर. तू म्हातारा एका दमात नेत होतास म्हणे, मधे फक्त खांदा बदलायचास. मी भरावाखालून त्याच्या बरोबरीने चालत होते. मला घाई नव्हती.

वळणापाशी त्याने तुकडा रुळाशेजारी टाकला आणि गुडघ्यांवर हात टेकले. मशीनवाला लगेच पुढे सरसावला. मी ओरडले, "थांबा. दोघांचं अंग सारखं तापू दे. एक बिडी होते तोवर." इंजिनियर बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. थांबा." मी तुझ्या पिशवीतून आणलेली बिडी काढली, पेटवली आणि दगडावर ठेवली. ती संपेपर्यंत सगळे उन्हात उभे होते. तुझी ती शेवटची बिडी, नामा. उन्हात सरकारी माणसांनी उभं राहून वाट बघितली तिची.

निळटोप्या घामाने निथळत होता. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. "आजी, जरा पाणी," तो म्हणाला.

मी झाकण उघडलं आणि सगळं पाणी रुळावर ओतलं. म्हटलं, "पाणी मारायचं काम असतं ना? मारलं."

मग त्याला अक्षरं वाचायला लावली. बोट ठेवून, एकेक, मोठ्याने. आधी जोडलेल्या रुळाची, मग खऱ्या तुकड्याची, मग वळणाशी पडलेल्या त्या जुन्या तुकड्याची. तिसऱ्याला त्याचा आवाज बसला. मी म्हटलं, "ऐकू नाय आलं." त्याने परत वाचलं.

मशीन लावलं. आवाज गेला, आला. इंजिनियर बाईंनी आकडा बघितला आणि त्यांच्या माणसाला सांगितलं, त्या दिवशी सरकलेला भाग दुरुस्त केलाय, पण पलीकडचा रूळ अजून दबलेला आहे, आजच्या आज मोकळा करून घ्या, तोवर गाड्या हळू काढा. तू म्हणाला होतास तेच. तुझं म्हणणं खरं ठरायला बटणं, जेल आणि तुझं तेरावं लागलं.

परत येताना निळटोप्या माझ्यापाशी आला. "आजी, माझी नोकरी जाईल."

"जाईल," मी म्हटलं.

"काकांनी मला माफ केलं असतं."

"केलंच होतं. म्हणून तर मी आले."

त्याची नोकरी गेली. कंत्राटदाराने काढून टाकला. शेवंतीने मला विचारलं, बाय, वाईट नाय वाटत? नाही वाटत. मी दोन वेळा मनात शोधून बघितलं. तीन महिन्यांच्या पोरीचं वाटतं थोडं. त्याचं नाही. आणि हेही सांगते, त्या दिवशी करंजाखाली शेवंतीने त्याला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. मी तोंड फिरवलं तेवढ्यात दिलं. तुझीच बायको ती. मी काय करणार?

चहावाल्याकडेही मी गेले. वही बाकड्यावर उघडून ठेवली आणि तुझ्या गँगवाल्यांना म्हटलं, "बघा रे, कुणाला रूळ वळखता येतो." एकानेही चहा संपवला नाही. एकाने माझे पैसे द्यायला हात पुढे केला, मी त्याच्या हातावर मारलं.

आता शेवटचं. तो कागद बाईंनी माझ्यासमोर काढला. "स्थानिक मदतनीस नामदेव याने" ह्या ओळीवर लाल शाईने आडवी रेघ मारली, बाजूला लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मी म्हटलं, रेघ जरा जाड मारा. त्यांनी परत मारली. झेरॉक्स माझ्याकडे आहे. वहीत शेवटच्या पानाला लावून ठेवलीय. त्याच पानावर मी त्या दिवशी वळणावर माझ्या हाताने दोन ठसे घासले, आणि खाली निळटोप्याची सही घेतली. ह्या वेळी त्याने बघून केली.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मला कुणाला सोडता येत नाही. तुलाही नाही सोडलं. तू बरोबर होतास आणि गप्प बसलास, हे मी मरेपर्यंत तुला ऐकवणार. मी भांडून निघाले तेव्हा रिक्षापाशी मागे बघितलं नाही, हे तू मला ऐकवायला हवं होतंस, ते ऐकवायला तू थांबला नाहीस.

मी सांगितलं होतं, त्या कागदावरचं नाव खोडून आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नको. नाव खोडलंय. मीच खोडून आणलंय. भाऊबीजेला पाट मांडीन.